चाक सरळ, चेन तिरकी

(नागपुरातल्या जुन्या मोटारसायकलवाल्यांच्या रविवारच्या बैठकीतलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार राजेहो. चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली दहा तर्री पोह्यांनी खाल्ली. तक्रार नाही, तर्री चांगली होती.

आधी येझदी-जावावाल्यांची माफी मागतो. तुमची चेन पत्र्याच्या डब्यात बंद असते, त्यामुळे तिचं दुखणं तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही सुखात असता. डबा उघडा, मग आपण बोलू. (हशा) आज माझा जीव जुन्या ओतीव इंजिनच्या बुलेटवर आहे, कारण माझं म्हणणं तिच्यावर सर्वात चांगलं पटवता येतं.

म्हणणं एवढंच, की चाक सरळ आहे का आणि चेन सरळ आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडे दोन्हींचं उत्तर मडगार्डकडे बघून देतात.

एक उदाहरण सांगतो. माझ्या ओळखीच्या एका काकांची बुलेट. कामठी रोडवर साठच्या पुढे गेली की डावीकडून खर्रर्र, आणि हँडल हलकंसं एका बाजूला ओढणार. काका ती घेऊन एका गॅरेजला गेले. नाव घेत नाही, तुमच्यातले निम्मे तिथलेच गिऱ्हाईक असाल. तिथला पोरगा बसला, चेन बोटाने उचलली आणि म्हणाला, "काका, चेन गेली तुमची. सेट टाकून देतो ना." टाकला. आठवडाभर गाडी गुपचूप चालली. मग पुन्हा खर्रर्र. आता काय म्हणे? "काका, कंपनीचा माल आता पहिल्यासारखा येत नाही."

हे वाक्य मला जाम चीड आणतं. माल पहिल्यासारखा येत नसेल, मान्य. पण नवी चेन आठवड्यात एकाच बाजूने घासायला लागते तेव्हा ती मालाबद्दल नाही, तुमच्या कामाबद्दल बोलत असते. जुनी चेन टाकून देण्याआधी तिच्या आतल्या पट्ट्या कोणी पाहिल्या? डाव्या पट्टीची आतली बाजू आरशासारखी चमकत होती, उजवी काळी. मागच्या दातेरी चाकाच्या दात्यांचीही एकच कड उजळलेली. दाते पुढे वाकले, आकड्यासारखे झाले, तर ते वयाने, झिजेने होतं. पण एकच कड चमकली तर कुठेतरी तिरकेपणा आहे. हा पुरावा भंगाराच्या पेटीत गेला आणि काकांच्या हातात बिल आलं.

गाडी माझ्याकडे आली ती भर मे महिन्यात, दुपारी. पारा पंचेचाळीसच्या आसपास, पाना हातात धरवत नव्हता. आधी मागून पाहिलं: टायर मडगार्डच्या बरोब्बर मधोमध. काका खूश. मग मी गाडीच्या बाजूला उकिडवा बसलो आणि टायरची पुढची कड पाहिली, चिमट्याच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या, आतली. ती एका बाजूला सरकलेली! मागची कड मध्ये, पुढची कड बाजूला. म्हणजे अख्खं चाकच तिरकं बसवलेलं. चाक मागेपुढे सरकवायच्या अॅडजस्टरच्या खाचवाल्या चकत्या पाहिल्या, तर डावीकडे एक खाच, उजवीकडे दोन खाचा पुढे.

कोणी मुद्दाम तिरकं कशाला बसवेल? तर काही महिन्यांपूर्वी काकांनी रिम बदलून नवे स्पोक टाकून घेतले होते. स्पोक ओढणाऱ्याने रिमचा आउट, म्हणजे डगमग, सुंदर काढला, चाक भिंगरीसारखं फिरत होतं. पण रिम हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, मानाने बाजूला बसली, पाच-सहा मिलिमीटर. चाक चढवल्यावर टायर मडगार्डमध्ये एका अंगाला दिसलं. ते डोळ्यांना खुपलं, म्हणून कोणीतरी एक्सल, म्हणजे चाकाचा आस, तिरका ओढून टायरची मागची कड मध्ये आणली. दिसायला छान.

आता गंमत बघा. बुलेटचं मागचं दातेरी चाक ब्रेकच्या ड्रमबरोबरच ओतलेलं असतं. ते रिमला ओळखत नाही, एक्सलला ओळखतं. रिम बाजूला होती तेव्हा चेनला काहीही त्रास नव्हता. टायर सरळ "दिसावं" म्हणून एक्सल ओढला, तेव्हा ड्रम तिरका झाला आणि चेन दात्यांवर कडेने चढायला लागली. दुखणं स्पोकचं, आणि पैसे गेले चेनचे. स्पोक पुन्हा ओढून रिम जागेवर आणली, एक्सल सरळ केला, आवाज बंद.

(आयोजक घड्याळ दाखवतात.) हो भाऊ, दिसलं. पण खाचांचं बोलू द्या. "दोन्हीकडे सारख्या खाचा मोजा" हा सल्ला अख्ख्या सीताबर्डीत मिळतो. चकत्या एकाच जोडीच्या असतील, झिजल्या नसतील आणि चिमटा कधी वाकला नसेल, तर तो सल्ला बरोबर. बुलेट मद्रासला १९५५ पासून बनायला लागली. तेव्हापासूनच्या गाड्यांनी किती चकत्या बदलल्या आणि किती खड्डे खाल्ले, हिशेब कोण देणार?

तर आता ज्यासाठी बोलावलं ते, भरभर. आणि याच क्रमाने करा, कारण क्रम चुकला तर एक दोष दुसऱ्याला झाकतो.

गाडी डबल स्टँडवर घ्या. मागचं टायर धरून आडवं हलवा. चिमट्याच्या बुशमध्ये किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल तर आधी तो काढा. खेळ ठेवून मोजमाप करणं म्हणजे हलत्या तराजूवर सोनं तोलणं. चाक हाताने फिरवत चेनची ढील बघा. एका जागी घट्ट, दुसरीकडे ढिली होत असेल तर चेन असमान ताणलीय किंवा दातेरी चाक मध्याबाहेर आहे. तो तिरकेपणा नाही. चेन ताणून वीस कड्या पिनपासून पिनपर्यंत मोजा. ५/८ इंच पिचच्या, म्हणजे पिन ते पिन तेवढं अंतर असलेल्या, नव्या चेनला ३१७.५ मिलिमीटर भरतात. ३२४ च्या जवळ गेली की चेन खरंच गेली, मग पोरगा म्हणेल ते ऐका.

मग एक्सल. चिमटा ज्यावर खाली-वर हलतो त्या पिव्हटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना मोजा, सारखं करा. खाचा काय म्हणतात ते विसरा. नट आवळताना चाक सरकतं, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा.

एक्सल सरळ झाल्यावर मागच्या दात्यांच्या बाजूला सरळ लोखंडी पट्टी लावा आणि चेनबरोबर पुढे जाऊ द्या. पट्टी आणि चेन यांतलं अंतर पुढे जाताना बदलत असेल, तर आता दोष कोनाचा नाही, बाजूला सरकण्याचा आहे: चुकीचा स्पेसर, नीट न बसलेलं बेअरिंग, पुढच्या स्प्रॉकेटचा सुटलेला नट. बुलेटचं पुढचं स्प्रॉकेट क्लचमागे लपलेलं असतं, म्हणून तिकडे कोणी बघतच नाही.

जुन्या बीएसए-नॉर्टनवाल्यांनो, तुमच्याकडे इंजिनपासून गिअरबॉक्सकडे जाणारी प्रायमरी चेन ताणायला गिअरबॉक्सच सरकवतात. ते काम आधी उरका, नाहीतर मागचं सगळं पुन्हा करावं लागेल. बुलेटला ही भानगड नाही.

त्यानंतर रिम. मागच्या टायरला दोरा गुंडाळून दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणा, जमेल तितका उंचावर. पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना फट सारखी आली पाहिजे. एक्सल सरळ असूनही फट सारखी नसेल, तर स्पोकवाल्याकडे जा. चेन अॅडजस्टरला हात लावू नका.

ढील शेवटी माणूस बसवून तपासा. चिमटा खाली-वर होताना चेन घट्ट-ढिली होते, आणि ती सर्वात घट्ट होते त्या जागीही थोडी हलली पाहिजे. चेन जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावण्याच्या दिशेने ठेवा. ब्रेक पुन्हा सेट करा, कारण चाक सरकलं की ब्रेकच्या रॉडचा ताणही बदलतो.

बस, माइक काढून घ्यायच्या आत थांबतो. दोरा आणि पट्टी माझ्या डिकीत आहे. ज्यांना आपली गाडी बघायची असेल त्यांनी ती निंबाच्या सावलीत आणून लावा. येझदीवाल्यांनी आपापला स्क्रूड्रायव्हर आणावा.