सुराआधी कागद

(बडोद्यातील तरुण वादक, गायक आणि स्टुडिओचालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

बडोद्यात संगीताचा कारभार नीट बसवायचा प्रयत्न जुना आहे. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गवई मौलाबक्षांनी इथे संगीतशाळा सुरू केली. १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली. त्या काळच्या गवयाचा पगार दरबारातून यायचा. तुमचा पैसा मात्र गरब्याच्या आयोजकाकडून, लग्नाच्या पार्टीकडून, यूट्यूबच्या चॅनलवरून, जाहिरातीच्या जिंगलमधून असा दहा दिशांनी येणार. तो तुमच्यापर्यंत पोहोचेल की वाटेतच अडेल, हे बऱ्याचदा एका कागदावर ठरतं. आज त्याच कागदाबद्दल बोलणार आहे.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: प्रोप्रायटरशिप (एकट्याच्या मालकीचा धंदा) घेऊ, भागीदारी करू, की प्रायव्हेट लिमिटेड? हा भाग सोपा आहे, म्हणून लवकर उरकतो. एकटे असाल तर प्रोप्रायटरशिपने सुरुवात करा. पॅन, चालू खातं, महानगरपालिकेतली दुकान-संस्थेची नोंद आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, एवढं पुरतं. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. शास्त्रीय किंवा लोककलेच्या प्रकारात सादरीकरण करणाऱ्या कलाकाराचं एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्राला ही सवलत मिळत नाही, हे लक्षात असू द्या.

चौघं मित्र मिळून बँड काढत असाल, तर भागीदारीचा करार करा आणि तो फर्म म्हणून नोंदवा. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या ६९व्या कलमानुसार नोंदणी नसलेल्या फर्मला करारातले पैसे वसूल करण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. आयोजकाने पैसे बुडवले तर तुम्ही कोर्टाच्या दारातच अडकता. करारात एक ओळ मात्र हवीच: बँडचं नाव कोणाचं? गायक बाहेर पडला तर तो ते नाव घेऊन जाणार का? आज तुम्हाला हा प्रश्न लागट वाटेल. उद्या बँडला नाव मिळालं की तोच सगळ्यात महाग पडतो. नाव टिकवायचं असेल तर ट्रेडमार्कचा अर्ज करा. व्यक्ती किंवा लहान उद्योग असाल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी (वस्तू-सेवांच्या एका प्रकारासाठी) ४,५०० रुपये लागतात. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तुम्ही ज्याला एक गाणं म्हणता, ते कायद्याच्या नजरेत दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यासारखं आहे. दरवाजा एक, पण आत बिऱ्हाडं वेगवेगळी. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची. गायक आणि वादकांचे सादरीकरणाचे हक्क वेगळे. आणि तयार झालेली रेकॉर्डिंग निर्मात्याची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, आणि निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नवरात्रीआधी एकाने गरब्याचे शब्द लिहिले, दुसऱ्याने चाल बांधली, तिसरीने गायलं. चौथ्याचा कारेलीबागेत स्टुडिओ आहे, त्याने पैसे न घेता रेकॉर्ड करून दिलं आणि मिक्सही केलं. गाणं चाललं. आता निर्माता कोण? तासाचं भाडं घेऊन स्टुडिओ दिला असता, तर निर्माता बहुधा रेकॉर्डिंग करून घेणारा ठरला असता. पण इथे स्टुडिओवाल्याने स्वतःचा वेळ आणि खर्च घातला. तो म्हणणार पुढाकार माझा, संगीतकार म्हणणार माझा. दोघांचंही म्हणणं खोटं नाही, आणि म्हणूनच असे वाद मिटत नाहीत. मैत्री तुटते, गाणं चॅनलवरून उतरवावं लागतं, नवरात्र संपते. अर्धा तास बसून कागद केला असता तर एवढं सगळं टळलं असतं.

त्या कागदावर काय लिहायचं? कुठला हक्क कोण कोणाला देतो, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, आणि मोबदला किती. कायदा म्हणतो की हस्तांतरण लेखी हवं आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. फोनवर ‘टाक रे, काही हरकत नाही’ म्हटल्याने मालकी जात नाही. हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे जगभरच्या अॅपवर गाणं चढवणाऱ्याने ‘संपूर्ण जग’ हे दोन शब्द विसरून चालणार नाही.

कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट दिली, ती प्रत्येक गीतकाराने आणि संगीतकाराने पाठ करून ठेवावी. रेकॉर्डिंगमध्ये वापरलेल्या तुमच्या शब्दांचे, चालीचे बाकी हक्क तुम्ही विकू शकता. पण पुढच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सोडून देता येत नाही. तो कोणी लिहून घेतला तरी ते लिखाण टिकत नाही. मोठ्या माणसाने पुढे केलेल्या कराराला घाबरून सही करणाऱ्या पोरांना हे माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. गायक-वादकांनाही व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा हक्क आहे, आणि त्यांचे हक्क ५० वर्षं चालतात.

नेहमी विचारतात ते परंपरेतल्या रचनांबद्दल. तुकोबांचे अभंग, नरसिंह मेहतांची पदं सगळ्यांची आहेत. कॉपीराइट साधारणपणे कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं असतो. पण त्याच अभंगाला गेल्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही. आणि कंपनीने काढलेली रेकॉर्डिंग प्रसिद्धीनंतर ६० वर्षं तिच्या मालकाचीच. शब्द जुने म्हणून सगळंच फुकट, असं समजू नका. बाजारातून घेतलेला कराओके ट्रॅक वापरून गाणं प्रसिद्ध करण्याआधीही त्याच्या परवान्याच्या अटी वाचा. तो विकत घेतला म्हणजे प्रसिद्धीचा हक्क मिळाला, असं होत नाही.

कार्यक्रम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी निगडित समारंभात परवान्याशिवाय गाणी वाजवायला कायद्यातच सूट आहे. सरकारने २०२३ साली सूचना काढून ती पुन्हा स्पष्ट केली. पण पास विकून, प्रायोजक घेऊन केलेला गरबा देवीचा असला तरी या सवलतीवर विसंबू नका. परवाना आयोजक काढणार की तुम्ही, हे करारात लिहा. दुसरी गोष्ट वेळेची. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद असतो. वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस सणासाठी बारापर्यंत सूट द्यायचा अधिकार राज्याला आहे. त्या दिवसांचा हुकूम पाहिल्याशिवाय बाराचा कार्यक्रम कबूल करू नका.

शेवटी उधारी. ‘पुढच्या महिन्यात देतो’ ऐकून ऐकून इथल्या अनेकांनी साउंडचा धंदा सोडला आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लहान उद्योगाला खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार लहान उद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. यासाठी कार्यक्रमाआधी नोंदणी झालेली हवी, आणि कामाचा पुरावा हवा: ऑर्डर, बिल, तारखा. बिलावर उद्यम क्रमांक छापा, आणि ते कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी पाठवा.