हायवे अडवणारा मासा

नमस्कार मंडळी! आज गळ टाकायला जाऊया, आणि लांब कुठं नाही, मॅनहॅटनच्या पश्चिम काठावर, हडसन रिव्हर पार्कमध्ये. चेंबर्स स्ट्रीटपासून वर 59व्या स्ट्रीटपर्यंत साधारण 4 मैलांचा काठ आहे, सबवेतून उतरून चालत जाता येतं, जर्सी सिटीवाल्यांना पाथ ट्रेन आहेच. तिथले दोन मासे लक्षात ठेवा, स्ट्राइप्ड बास आणि व्हाइट पर्च. एकाच कुळातले. बास मोठा होतो, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळे पट्टे, बघितला की रायगडकडच्या माणसाला जिताडा आठवेल. पर्च वीतभर, पट्टे नाहीत, पण पाठीचे काटे टोचतात, जपून धरा. बास वसंतात समुद्रातून वर गोड्या पाण्यात अंडी घालायला जातो, पर्च बहुतेक नदीतच राहतो.

आता मला या बासची गोष्ट सांगायचीय, गळाचं नंतर बघू.

जिथं आज हा पार्क आहे तिथं पूर्वी काठाकाठानं उंच खांबांवरचा हायवे होता. 1973 च्या डिसेंबरमध्ये त्याचा एक तुकडा गॅन्सव्होर्ट स्ट्रीटजवळ कोसळला, आणि कशानं, तर त्याच हायवेच्या दुरुस्तीसाठी डांबर घेऊन चाललेल्या ट्रकच्या वजनानं! मग ठरलं की नवीन रस्ता बांधायचा, नाव वेस्टवे. नदीत भराव घालायचा, जवळपास 200 एकर, त्यातून हायवे न्यायचा, वर पार्क आणि इमारती. बहुतेक पैसे केंद्र सरकारचे. राज्य तयार, शहर तयार, बिल्डर तयार, कामगार युनियन तयार, 1981 मध्ये स्वतः अध्यक्ष रेगन न्यूयॉर्कला येऊन 8 कोटी 50 लाख डॉलरचा चेक देऊन गेले. आणि सरकारी अहवालात काय लिहिलेलं, तर या जुन्या धक्क्यांमधल्या पाण्यात जीवसृष्टी जवळजवळ नाहीच. पण पाण्यात जाळी टाकून बघितल्यावर सापडली बासची पिल्लं! मोडक्या धक्क्यांच्या खांबांमध्ये पाणी जरा संथ असतं, तिथं ही पिल्लं थंडी काढत होती. मार्सी बेनस्टॉक नावाची बाई वर्षानुवर्षं या रस्त्याविरुद्ध लढत होती, तिच्या बाजूच्या वकिलांनी हीच पिल्लं कोर्टात उभी केली. 1982 मध्ये जज थॉमस ग्रीसा यांनी भरावाचं परमिट रद्द केलं, माशांवर काय परिणाम होईल हे नीट सांगितलंच नाही म्हणून. सरकारनं पुन्हा अभ्यास केला, पुन्हा परमिट दिलं, 1985 मध्ये जजनी पुन्हा अडवलं, आणि त्या सप्टेंबरमध्ये वेस्टवे कायमचा सोडून दिला. ठेवलेला बराचसा पैसा सबवे आणि बसकडे वळला. पुढे 1998 मध्ये कायदा होऊन तिथं हा पार्क आला, आणि धक्क्यांमधलं पाणी त्याच कायद्यानं जपलं गेलं. म्हणजे बघा, आज आपण ज्या कठड्याला टेकून गळ टाकतो तो कठडा तिथं आहे याचं एक कारण हा मासा आहे. मला ही गोष्ट कितीदाही सांगायला आवडते.

आणि रस्ते बांधणाऱ्यांनी पाण्यावर जगणाऱ्यांना आधी विचारावं हे माझं ठाम मत आहे. मुंबईच्या कोस्टल रोडला वरळी कोळीवाड्यातल्या लोकांनी बोटी जायला जागा पाहिजे म्हणून खांबांमधलं अंतर 60 चं 120 मीटर करून घेतलं, किती झगडावं लागलं त्यासाठी, ते त्यांना न झगडता मिळायला पाहिजे होतं.

बरं, गळ. बाससाठी एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगले. हडसनला भरती-ओहोटी आहे, पाणी वाहत असताना गळ टाका, थांबलेल्या पाण्यात बास फारसा खात नाही. पुन्हा सांगते, पाणी वाहत असताना. आमिष म्हणून बंकर माशाचे तुकडे नाहीतर ब्लडवर्म, म्हणजे समुद्रातला लाल किडा, आणि आमिष लावलं तर बाससाठी सर्कल हुकच, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळच, लागतो, तसा नियम आहे. पर्चला छोटा गळ, वर्मचा छोटा तुकडा, आणि लांब फेकायची गरज नाही, खांबांच्या अगदी जवळ सोडा.

नियम नीट ऐका. 16 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकानं न्यूयॉर्क राज्याचं मरीन रजिस्ट्रेशन, म्हणजे समुद्री मासेमारीची नोंदणी, करायचं, फुकट आहे. बास ठेवायचा तर दिवसाला एकच, 28 ते 31 इंचांमधलाच, 15 एप्रिल ते 15 डिसेंबर. एकच, 28 ते 31 इंच. हे आकडे बदलत असतात, जायच्या आधी राज्याच्या साइटवर बघा.

आणि घरी आणून कालवण करायचा विचार असेल तर थांबा. वरच्या अंगाच्या कारखान्यांनी 1947 ते 1977 या काळात नदीत पीसीबी नावाचं विषारी रसायन सोडलं, ते माशांच्या चरबीत साठतं. मुलांना आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांना हडसनचा मासा देऊच नका, बाकीच्यांनी आरोग्य खात्याची सूचना वाचून ठरवावं. मी तर सगळे सोडून देते.

सोडताना हात आधी पाण्यात ओले करा, कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो. फोटो काढायचा तर कॅमेरा आधी तयार ठेवा आणि मग मासा उचला, कल्ल्यात बोट घालून लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. मुलांना घेऊन जायचं असेल तर पार्कवालेच उन्हाळ्यात बिग सिटी फिशिंग भरवतात, रॉड आणि आमिष फुकट, शिकवायला माणसं असतात, मासे परत पाण्यात जातात. आपल्या मराठी मंडळांनी दरवेळी शाळेचा हॉलच बुक करायला पाहिजे असं नाही, एक शनिवार मुलांना इथं आणा. तारखा पार्कच्या साइटवर असतात, येताना टोपी आणि पाण्याची बाटली घ्या, धक्क्यावर सावली कमी आहे.