उत्कंठा : वर झालेली मान

एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहणारी माणसं नीट बघा. लांबून हॉर्न ऐकू आला की आधी माना वर होतात, मग सामानाला हात जातो. कुणी टाचा उंचावतं, कुणी पोराला खांद्यावर घेतं. ‘उत्’ म्हणजे वर, ‘कंठ’ म्हणजे गळा, मान. ही वर झालेली मान म्हणजे उत्कंठा. मनातली ओढ सांगायला संस्कृतने शरीराकडे बोट दाखवलं.

हे नागपूरजवळचं रामटेक. ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असं अनेक अभ्यासक मानतात. वर्षभराच्या शापाने घरादाराला पारखा झालेला यक्ष इथून ढगाला अलकानगरीची वाट सांगतो. निरोप ऐकताना आपली बायको कशी दिसेल, तेही सांगतो. कालिदासाचा शब्द आहे ‘उन्मुखी’, तोंड वर केलेली. आणि त्याच श्लोकात उत्कंठेने भरून आलेलं तिचं हृदय. ढगाकडेच बघायचं, तर मान वर जाणारच.

आता ‘शाकुंतला’चा चौथा अंक. शकुंतला सासरी निघाली आहे. कण्वमुनी म्हणतात, आज ही जाणार, म्हणून हृदयाला उत्कंठेने गाठलं आहे. आणि लगेच पुढचा शब्द येतो ‘कण्ठः’, अडवलेल्या आसवांनी दाटलेला. उत्कंठेपाठोपाठ कंठ! या एका जोडीसाठी मी हा श्लोक पुन्हा पुन्हा वाचतो. माझ्यासारख्या रानात राहणाऱ्याची ही गत, तर संसारी बापांचं काय होत असेल, असं ते पुढे विचारतात. लेकीची पाठवणी केलेल्या घरात याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही.

बंगालीत आज उत्कंठा म्हणजे काळजी. मराठीत निकालाची उत्कंठा असते, सामना उत्कंठावर्धक होतो. विरह मागे पडला, वाट पाहणं तेवढं उरलं. याची मला हळहळ वाटते. पण मराठीने या शब्दाला आपल्या खळ्यातली जोडही दिली : उत्कंठा शिगेला पोहोचली. पायली काठोकाठ भरली तरी धान्य ओतत राहिलं, की वर निमुळती रास चढते. तिला म्हणतात शीग. तिच्या टोकावर आणखी एक दाणा टाकून बघा. क्षणभर टेकतो, आणि घरंगळतो.