सोळा माशांचा वंश

(दृश्य: पहाट. डोंगररांगेच्या पायथ्याशी निवांत सरोवर. पाण्यावर धुकं.)

अमेरिकेच्या आयडाहो राज्यातलं हे रेडफिश सरोवर. सॉकाय सॅल्मन समुद्रातून परतले की त्यांची अंगं लालबुंद होत, आणि काठाजवळचं पाणी त्यांच्या रंगानं तांबडं दिसे. त्यावरून हे नाव.

आपल्याकडे बाजारात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात. पण रावस वेगळा, हा मासा वेगळा.

सॉकाय या सरोवराच्या खडीत जन्मतो, इथेच एक-दोन वर्षं वाढतो, आणि मग सॅल्मन, स्नेक, कोलंबिया अशा तीन नद्यांतून पॅसिफिक महासागरात उतरतो. मोठा झाला की अंडी घालायला माघारी येतो. अंतर सुमारे १,४५० किलोमीटर. गोदावरी समुद्राला मिळते तिथून निघून, प्रवाहाविरुद्ध पोहत त्र्यंबकेश्वर गाठण्याएवढं. शिवाय चढ जवळपास २,००० मीटरचा, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून वर. आणि गोड्या पाण्यात शिरल्यावर हा मासा काही खात नाही. समुद्रात साठवलेल्या चरबीवर सगळी वाट काढतो.

(दृश्य: धरणाची भिंत. बाजूला माशांसाठी बांधलेल्या पायऱ्या.)

या वाटेवर आज आठ मोठी धरणं आहेत. चार कोलंबियावर, चार स्नेकवर. वर येणाऱ्या माशांसाठी पायऱ्या केल्यात, आणि मासे त्या चढतातही. खरी अडचण खाली जाणाऱ्या पिल्लांची. पूर्वी नदीची ओढच त्यांना समुद्राकडे न्यायची. आता एका धरणाचा फुगवटा संपतो न संपतो तोच दुसऱ्याचा सुरू होतो. संथ पाण्यात पिल्लं रेंगाळतात, मोठ्या माशांच्या तोंडी पडतात, टर्बाइनमध्ये सापडतात.

१९९० साली एकही सॉकाय इथवर पोचला नाही. त्याच वर्षी शोशोनी-बॅनॉक या आदिवासी जमातींनी सरकारकडे अर्ज केला, की या माशाला कायद्याचं संरक्षण द्या. पिढ्यान्‌पिढ्या या माशावर जगलेले हे लोक. नोव्हेंबर १९९१मध्ये स्नेक नदीच्या सॉकायची नोंद अतिधोक्यातल्या जातींत झाली. त्या वर्षी चार मासे परतले होते.

१९९२मध्ये एक.

एकच नर. लोकांनी त्याला ‘लोनसम लॅरी’ म्हटलं, एकटा लॅरी. त्याला मादी मिळणार नव्हती. मग त्याचं वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलं आणि पुढे अंडी फळवायला वापरलं.

१९९५ साली पुन्हा शून्य. १९९७ सालीही शून्य. १९९१ ते १९९८ या आठ वर्षांत मिळून १६ मासे परतले. सोळाच्या सोळा पकडून मत्स्यबीज केंद्रात नेले.

(दृश्य: बॉइझीजवळचं ईगल केंद्र. गोल टाक्या. हातमोजे घातलेले कर्मचारी.)

इथून पुढची गोष्ट हिशेबाची आहे, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. सोळा माशांपासून वंश वाढवायचा, तर भावंडांची गाठ भावंडांशी पडता कामा नये. म्हणून प्रत्येक माशाच्या पराचा बारीक तुकडा काढून जनुकीय तपासणी होते. कोण कुणाचं किती जवळचं, याचा तक्ता बनतो. एका मादीची गाभोळी वेगवेगळ्या वाट्यांत विभागतात आणि प्रत्येक वाटीला वेगळ्या नराचं वीर्य देतात. सगळं बियाणं एका कणगीत ठेवायचं नाही, म्हणून काही मासे शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या केंद्रात वाढवतात. आयडाहोत पंप बंद पडला किंवा रोग आला, तरी तिथला वंश वाचावा.

सरोवराचंही पोषण करावं लागलं. पूर्वी हजारो मासे अंडी घालून इथेच मरत, आणि समुद्रातून आणलेलं सत्त्व पाण्याला मिळे. ते थांबलं. मग शोशोनी-बॅनॉक जमातींच्या मत्स्य विभागानं होडीतून पाण्यात पोषकद्रव्यं सोडली.

२०१३मध्ये आयडाहोतच स्प्रिंगफील्ड इथं नवं केंद्र उभं राहिलं. वर्षाला दहा लाखांपर्यंत पिल्लं वाढवायची तयारी. पिल्लं धडधाकट दिसत होती. पण सोडल्यावर वाटेतच मरू लागली. काही वर्षं हे चाललं. शेवटी कारण सापडलं ते पाण्यात. स्प्रिंगफील्डचं पाणी जड, क्षारांचं. रेडफिशचं अगदी हलकं, बर्फ वितळून आलेलं. एका पाण्यातून थेट दुसऱ्यात पडल्याचा ताण पिल्लांना सोसत नव्हता. आता त्यांना आधी मधल्या पाण्यात सवय करून देतात.

(दृश्य: उन्हाळा. रुंद, संथ नदी.)

२०१४मध्ये दीड हजारांहून जास्त मासे परतले. सगळ्यांना हुरूप आला. पुढच्याच उन्हाळ्यात बर्फ कमी, ऊन कडक, आणि फुगवट्यांतलं पाणी २० अंशांच्या वर गेलं. थंड पाण्याचा हा मासा त्यात तग धरू शकला नाही. परतणाऱ्यांपैकी बहुतेक वाटेतच मेले. जीवशास्त्रज्ञांनी स्नेक नदीवरच्या लोअर ग्रॅनाइट धरणावर मिळतील तेवढे पकडले आणि ट्रकमधून ईगलला आणले.

या कार्यक्रमाचा बराचसा खर्च येतो त्याच धरणांची वीज विकणाऱ्या संस्थेकडून. टाकीतल्या माशासाठी माणसानं जे करता येईल ते केलं आहे. नदीच्या तापाचा प्रश्न टाकीत सुटणारा नाही. स्नेकच्या खालच्या टप्प्यातली ही चार धरणं काढावीत, असं इथल्या आदिवासी जमाती वर्षानुवर्षं म्हणत आहेत. वीज, धान्याची जलवाहतूक आणि सिंचन यांचं काय, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्न. मला जमातींचं म्हणणं पटतं. ही धरणं उभी असताना हा मासा आपल्या बळावर सावरलेला कुणी पाहिलेला नाही.

(दृश्य: सप्टेंबर. सरोवराचा काठ.)

केंद्रात वाढलेले मोठे मासे आज सरोवरात सोडतात. अंग लाल, डोकं हिरवट. काही दिवसांत मादी कुशीवर वळून शेपटीनं खडी उकरू लागेल. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

खाली ओढ्यावर सापळा लावलेला आहे. समुद्रातून येणारा प्रत्येक मासा तिथे मोजतात. कुणीतरी रोज सकाळी तिथे जातं, जाळी उचलून आत पाहतं, आणि वहीत आकडा लिहितं. शून्य असला, तर शून्य.