चौदाव्या दिवशी

श्रोतेहो, नमस्कार.

घरातलं माणूस गेलं की आपल्याकडे काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या घरात चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भाकरी येते. भावकी येते, सोयरे येतात. कुणी बोलतं, कुणी नुसतंच भिंतीला टेकून बसतं आणि तासाभरानं उठून जातं. उठताना ‘येतो’ म्हणत नाहीत, हेही लहानपणीच कानावर पडलेलं असतं. दहावा होतो, तेरावा होतो, गोड जेवण होतं. सतरंज्या गुंडाळतात, लेकी सासरी परततात. आणि चौदाव्या दिवशी सकाळी त्या घराच्या दाराशी बाहेरची एकही चप्पल नसते.

मला आज त्या चौदाव्या दिवसाबद्दल बोलायचं आहे.

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी चौथीत होतो. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर लाकडावर अंथरलेला मातीचा थर. उन्हाळ्यात असलं गार घर नाही. ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या सावली दिली, त्याच अंगावर आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली पन्नासहून अधिक गावं भुईसपाट झाली, हजारो माणसं गेली. तिथे तेरावं कुणी कुणाचं घालायचं? जे सांत्वनाला यायचे, तेच ढिगाऱ्याखाली होते.

माझी मावशी वाचली. तिचा नवरा आणि मोठी मुलगी वाचली नाहीत. आमचं घर तडे जाऊन का होईना, उभं होतं, म्हणून आईनं तिला आमच्याकडे आणलं. पण मावशी घरात झोपायची नाही. दगडाच्या भिंतीकडे तोंड करून बसायचीसुद्धा नाही. अंगणात पत्र्याचं शेड घातलं, त्यात ती राहिली. रोज पहाटे, चार वाजायच्या आत, तिला जाग यायची. कधी मला जाग आली तर ती वाकळ पांघरून बसलेली दिसायची, एक हात जमिनीवर पालथा ठेवून. जमीन हलते का, ते ती बघायची.

आम्ही सगळे तिला बोलायचो. प्रेमानंच बोलायचो. ‘धीर धर.’ ‘धाकट्याकडे बघ.’ ‘तुझा एक तरी राहिला, त्या अमकीचं तर सगळंच गेलं.’ आज ही वाक्यं आठवली की माझे कान तापतात. मावशी मान हलवायची आणि आणखी गप्प व्हायची. आमच्या प्रत्येक वाक्याचा तिच्यासाठी अर्थ एकच होता: आता बोलू नकोस.

मग शेजारच्या एक काकू यायला लागल्या. त्यांनी मुद्दाम काही केलं असं मला वाटत नाही. त्यांना डाळ निवडायला सोबत हवी होती. दुपारी सूप घेऊन यायच्या, मावशीच्या पुढ्यात दुसरं सूप सरकवायच्या. दोघी तासभर खडे काढत बसायच्या. बोलल्या तर बोलल्या. गावातली बारीकसारीक गोष्ट, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं. मावशी कितीतरी दिवस नुसती ऐकत होती. काकू दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. एकदा, संक्रांत होऊन गेली होती तेव्हा, मावशीचा हात सुपातच थांबला आणि ती बोलली. मुलगी ढिगाऱ्याखालून किती वेळ हाका मारत होती, ते बोलली. मी दाराआड होतो. काकूंनी ‘रडू नको’ म्हटलं नाही. त्यांनी स्वतःच्या मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं आणि बराच वेळ मावशीचं मनगट धरून बसल्या. दुसऱ्या दिवशी परत डाळ घेऊन आल्या.

मावशी त्यानं ‘बरी झाली’ असं मी म्हणणार नाही. पण त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा आठवडी बाजारात गेली.

पुढे मोठेपणी मी या विषयातलं वाचत, शिकत गेलो तेव्हा कळलं, की काकूंनी डाळ निवडता निवडता जे केलं त्याला जगात आता शास्त्राचा आधार आहे. मोठ्या आघातानंतर माणसाला धरून ‘सांग, काय झालं, सगळं सांग’ असं खोदून विचारू नये, त्यानं जखम आणखी चिघळू शकते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिचं सार तीन शब्दांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. समोरच्याला काय हवंय ते बघा. त्याला बोलायचं असेल तेव्हा, तेवढंच ऐका. आणि त्याचं माणूस, त्याचा दवाखाना, त्याचं रेशनकार्ड, जे तुटलंय ते जोडून द्या. दुर्घटना घडली की माइक पुढे करून ‘आता तुम्हाला काय वाटतंय?’ असं विचारणाऱ्यांनी हे तीन शब्द जरूर लक्षात ठेवावेत.

त्यातला तिसरा शब्द आपण फार विसरतो. भूकंपानंतर किती तरी गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, आखीव रांगा, सुटी-सुटी घरं. सुरक्षित होती, यात शंका नाही. पण जुन्या गावात दार उघडलं की समोर शेजारणीचा ओटा असायचा, तो नव्या गावात राहिला नाही. म्हाताऱ्या बायांना वेळ जायचा नाही. दुःख हलकं करणाऱ्या जागा नकाशात नसतात, म्हणून त्या नव्यानं बांधायच्या राहून जातात.

या जागा पुन्हा उभ्या करता येतात का? येतात. आपल्याच राज्यात त्याचे प्रयोग झालेत.

विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये, साधारण २०११ पासून ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला. गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था त्यामागे होती. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी तो भाग तेव्हा सगळ्या देशाला ठाऊक झाला होता. या मंडळींनी गावातल्याच साध्या शिकलेल्या माणसांना हाताशी धरलं, त्यांना शिकवलं. मानसिक आजाराची चार लक्षणं ओळखायची, घरी जाऊन बोलायचं, गरज पडली तर समुपदेशकाकडे आणि तिथून पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. आधी काय परिस्थिती होती? नैराश्य असलेल्या १०० माणसांपैकी जेमतेम ४ जण कुठलीही मदत घेत होते. दीड वर्षाच्या कामानंतर हा आकडा २७ वर गेला. जीव द्यावासा वाटतो म्हणणाऱ्यांचं प्रमाणही जवळपास निम्म्यानं उतरलं.

हे घडलं कशानं? भाषेचा त्यात मोठा वाटा आहे असं मला वाटतं. गावात ‘तुम्हाला डिप्रेशन आहे का?’ विचारलं तर माणूस उठून जाईल. ‘मानसिक आजार’ म्हटलं की त्याला वेड्यांचं इस्पितळच दिसतं. पण ‘लई टेन्शन आलंय का?’ विचारा, तो खाली बसतो. जिवाला घोर लागलाय, छातीत धडधडतंय, काही गोड लागत नाही, डोक्यातले विचार थांबत नाहीत, ही आपली भाषा आहे. नाव आजाराचं नको, त्रासाचं हवं. झिम्बाब्वेच्या हरारे शहरात २००६ साली १४ आज्यांना घेऊन एक काम सुरू झालं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवायचं, त्यावर आजी बसणार, दुःखी माणूस तिच्याशेजारी येऊन बसणार. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञानं ते सुरू केलं. तिथल्या शोना भाषेत या त्रासाला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात. त्याचा अर्थ फार विचार येणं. आमच्या औशाकडची बाई आणि हरारेची बाई अगदी एकच तक्रार सांगतात, हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात, आदिवासी पाड्यांवर, २०१३ च्या सुमारास ‘आत्मीयता’ नावाचं काम सुरू झालं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या केंद्रानं ते उभं केलं. गावात अशी एक-दोन माणसं असतातच, की ज्यांच्याकडे लोक आपणहून मन मोकळं करायला जातात. ती माणसं त्यांनी शोधली आणि ऐकायचं कसं, ते शिकवलं. सल्ला देण्याची घाई करायची नाही. अडचण एकदम मोठी दिसत असेल तर तिचे तुकडे करून एकेका तुकड्याचं बघायचं. सोडून दिलेलं एखादं आवडीचं काम, परसात भाजी लावणं म्हणा, भजनाला जाणं म्हणा, पुन्हा सुरू करायला लावायचं. चार-सहा वेळा भेटायचं. आणि त्याच्या जोडीला विधवा पेन्शनचा, अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्जही भरून द्यायचा. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात पटली. ज्या बाईच्या घरात पीठ नाही, तिला दीर्घ श्वास घ्यायला शिकवून भागत नाही.

आता एक गोष्ट मोकळेपणानं बोललीच पाहिजे. गाव नेहमी मायेचंच असतं असं नाही. पुष्कळदा जखम गावच करतं. कर्जापायी नवऱ्यानं जीव दिला, तर ‘हिच्याच पायगुणानं झालं’ म्हणणारी तोंडं शेजारचीच असतात. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईनं सांगायचं कुणाला, तर त्याच नवऱ्याच्या चुलतबहिणीला? गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसानं आपलं दुःख कुणाच्या ओट्यावर नेऊन मांडायचं, जिथं त्याला बसायला सांगायलाच कुणी तयार नाही? म्हणून ऐकणाऱ्याची निवड जपून करावी लागते. सगळ्या वस्त्यांमधली माणसं त्यात हवीत, बाया हव्यातच. आणि पोटात ठेवण्याचा गुण हवा. ऐकलेलं एकदा का पाणवठ्यावर गेलं, की ते दार पुन्हा उघडत नाही.

तसंच, सगळं काही नुसत्या ऐकण्यानं भागत नाही. कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात, कुणी आठवडेच्या आठवडे झोपत नाही, कुणी अंथरूण सोडत नाही, तिथे डॉक्टरच हवा आणि औषधच हवं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. शेजाऱ्याचं काम तिथे सोबत जाण्याचं. एसटीत शेजारी बसायचं, केसपेपर काढायच्या रांगेत उभं राहायचं, परत आल्यावर गोळ्या घेतल्या का ते विचारायचं. हे छोटं काम नाही. पहिल्यांदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही, तो कित्येकदा सोबत नसल्यामुळेही.

आणि कुणाच्या बोलण्यात ‘आता पुरे झालं’, ‘मी नसलेलंच बरं’ असं यायला लागलं, तर घाबरून विषय बदलू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून माणसाला सुटल्यासारखं होतं. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा. आणि १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. पुन्हा सांगतो: एक, चार, चार, एक, सहा. ‘टेलिमानस’ ही सरकारची फोन सेवा आहे. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी फोन करा, नाहीतर शेजाऱ्याचं कसं करावं ते विचारायला करा.

मावशीचं राहिलं. भूकंपानंतर घरं बांधायच्या कामात आमच्याकडे बायांनी मोठी जबाबदारी उचलली होती. गावोगाव ‘संवाद सहायक’ म्हणून त्या फिरायच्या, कुणाचं काय अडलंय ते सरकारदरबारी पोचवायच्या. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या बाया तिकडे गेल्या. भाषा येत नव्हती, तरी गेल्या. आमच्या शेजारच्या गावातली एक बाईही गेली होती. ती परतल्यावर मावशी तिला भेटायला गेली, आपणहून, चालत. मी सोबत होतो. बाकीच्यांनी घरं किती पडली, माणसं किती गेली, हे विचारलं. मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘रात्री झोपत्यात का गं त्या?’

‘भाईर झोपत्यात, माय. तुमच्यावानीच.’

‘थंडी असंल की तिकडं.’

‘लई.’

घरी आल्यावर मावशीनं पेटीतली जुनी लुगडी काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आल्या, तेव्हा दोघींच्या मांडीवर सुपाऐवजी वाकळ पसरलेली होती. कुणी तिकडे निघालं तर त्यांच्यासोबत द्यायला.

नमस्कार.