आधी दोरी, मग पट्टा

अध्यक्ष महोदय, सेक्रेटरी साहेब आणि समोर बसलेले तुम्ही सगळे. पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचं नाव 'ट्रेडमिल : पहिले तीस दिवस' असं छापलंय. ते मीच दिलं होतं. मला पाऊण तास मिळाला आहे आणि त्यातली सात मिनिटं माझा परिचय करून देण्यात गेली. परिचयात मला 'साखर उद्योगातले तज्ज्ञ' म्हटलं. तसं काही नाही. मी साखर कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सला होतो. बंद पडलेलं चालू करायचं आणि चालू असलेल्याला कुणाला हात लावू द्यायचा नाही, एवढंच काम. मधुमेहवाल्यांपुढे साखरवाल्याने व्यायामावर बोलायचं, याला पापक्षालन म्हणा हवं तर.

आधी हात वर करा. टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती, कुणाकुणाची झाली आहे? बघा, निम्म्याहून जास्त. खाली घ्या, जोशीकाकू, तुमची टूडी एको झाली होती, हृदयाची सोनोग्राफी, ती वेगळी.

म्हणजे ट्रेडमिलवर कधीच न चढलेले इथे फार नाहीत. टीएमटीतला टी म्हणजे ट्रेडमिलच. बहुतेक ठिकाणी ती ज्या पद्धतीने करतात ती सिएटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६० च्या दशकात बसवली. त्यात पहिली तीन मिनिटं पट्टा किती वेगाने फिरतो, ठाऊक आहे? ताशी २.७ किलोमीटर. दहा टक्के चढ असतो, ते खरं, पण वेग २.७. छातीला तारा डकवलेल्या, समोर ईसीजीचा पडदा, शेजारी डॉक्टर, कोपऱ्यात शॉक देण्याचं यंत्र, एवढा सगळा बंदोबस्त असून सुरुवात २.७ ने. आणि परवा आपल्या क्लबहाउसात मी एका गृहस्थांना विचारलं, पहिल्या दिवशी किती लावलात? म्हणाले, "सहा. पाच तर बायको लावते."

आता मूळ विषयाकडे येतो. मूळ विषय दोरी. पत्रिकेवर नाही, पण मूळ तोच.

ट्रेडमिलच्या पॅनेलवर एक लाल चावी असते. चावी कसली, बहुतेक यंत्रांत प्लास्टिकमध्ये बसवलेला लोहचुंबकाचा तुकडा. तिला दोरी, दोरीच्या टोकाला चिमटा. चिमटा आपल्या कपड्याला लावायचा. आपण मागे सरकलो, घसरलो, की दोरी ताणते, चावी निघते, पट्टा थांबतो. आमच्या कारखान्यात बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, पट्टा बॉयलरकडे जायचा. त्याच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तार ओढलेली असायची, पुल कॉर्ड. कुणी अडकला की जो जिथे उभा असेल त्याने तिथून तार ओढायची. गळीत हंगाम थंडीचा, रात्रपाळीला माणसं मफलर गुंडाळून यायची. पट्ट्याजवळ जायचं तर मफलर काढून खुंटीला, हा आमच्या फोरमनचा नियम होता. चेअरमन मोळी टाकायला गव्हाणीपाशी आले तेव्हा त्यांच्या गळ्यातलं उपरणंसुद्धा त्याने उतरवून घेतलं होतं. त्याची बदली झाली नाही, हे त्या काळातलं आश्चर्य.

तर तार तीच, कल्पना तीच. फरक इतकाच की कारखान्यात ती ओढायला दुसरा माणूस असतो. सकाळी सहाला क्लबहाउसात दुसरा कोण? म्हणून ती आपल्याच अंगाला बांधायची.

आता आपल्या सोसायटीत काय झालं ते सांगतो. सेक्रेटरी साहेब हसतायत, म्हणजे त्यांना कळलं. यंत्र आलं दोन वर्षांपूर्वी पाडव्याला. हार घातला, नारळ फोडला. नारळाचं पाणी पट्ट्यावर सांडलं, ते असो. दोन महिन्यांत चावी हरवली. ती एका सभासदाच्या नाइटपँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये सापडली, दोरीशिवाय. नवीन मागवली. ती एका नातवाने नेऊन फ्रिजला चिकटवली. पोराचं काय चुकलं, चुंबक फ्रिजलाच चिकटवायचा असतो. मग कमिटीने चावी वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आणि रजिस्टर केलं : नाव, फ्लॅट, घेतल्याची वेळ, दिल्याची वेळ, सही. पण सहाला वॉचमन पाण्याची मोटर लावायला जातो, तेव्हा केबिनला कुलूप. मग एका कल्पक गृहस्थांनी स्वतःच्या फ्रिजवरचा चुंबक आणला. मुलीने सिंगापूरहून आणलेला, सिंहाचं तोंड आणि माशाचं धड. तो पॅनेलवर ठेवला आणि यंत्र सुरू झालं! यंत्राला चुंबकाशी मतलब, तो कुठल्या देशाचा याच्याशी नाही. तीन आठवडे आपली सोसायटी सिंगापूरच्या सिंहावर चालली. त्याला दोरी नव्हती, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी सभा झाली. विषय तीन : पार्किंग, कबुतरांची जाळी आणि चावी. पार्किंग आणि कबुतरं अजून तशीच आहेत. चावीचा मात्र एकमताने निकाल लागला. चावी पॅनेलवर, तिची दोरी ट्रेडमिलच्याच दांड्याला सुतळीने निरगाठ मारून बांधली, वरून टेप. मी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं. जपून ठेवलंय, वाचतो : "चावी सुरक्षित स्थळी कायमस्वरूपी बांधण्यात आलेली असून आता ती हरवण्याची शक्यता उरलेली नाही." वाक्य म्हणून उत्तम आहे. व्याकरणात चूक नाही. आता माणूस मागे फेकला जाईल तेव्हा चावी जागेवर राहील, एवढीच अडचण.

हसू नका, याच्यात गणित आहे. ताशी पाच किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १.४ मीटर. घरगुती यंत्राचा पट्टा साधारण सव्वा मीटर. तुम्ही पाच किलोमीटरवर चालताना पाय नुसता थांबला, पडला नाही, फक्त थांबला, तर एका सेकंदाच्या आत तुम्ही पट्ट्याच्या मागे. तेवढ्यात लाल बटण शोधणार? मला चष्मा शोधायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

दुसरं गणित. मी मुंबईत व्हीजेटीआयला, इंजिनिअरिंगला होतो तेव्हा धावत्या डबलडेकरमधून उतरणं हा आमचा अलिखित विषय होता. मागचं दार उघडं, दांडा धरायचा, बसच्या दिशेला तोंड करायचं, पाय टेकला की चार पावलं पळायचं. जो पळाला नाही त्याचे पाय थांबायचे, धड पुढे जायचं आणि कॉलेजात तो दुसऱ्या दिवशी आयोडीन लावून यायचा. मुंबईतली ती शेवटची डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त झाली, मला फार वाईट वाटलं होतं. असो. ट्रेडमिलवर लोकांना वाटतं, धोका उतरण्यात आहे. नाही. पट्ट्यावर चालताना तुम्ही खोलीच्या हिशोबाने जागेवरच असता, घाण्याच्या बैलाइतकेही पुढे जात नाही. दांडा धरून बाजूच्या स्थिर कडांवर पाय टाकलेत की झालं, धडाला वेग नसतोच. धोका चढण्यात आहे. फिरत्या पट्ट्यावर पाय ठेवला की पाय मागे ओढला जातो, धड तिथेच राहतं आणि तोंड पॅनेलवर. म्हणजे ट्रेडमिलवर चढणं हेच धावत्या बसमधून उतरणं! आपण मात्र चढताना बेसावध आणि उतरताना घाबरलेले.

हे सगळं ठाऊक असून मी पडलो, तेही सांगायला हवं, नाहीतर आमची ही मागून सांगेल. गेल्या श्रावणात. वेग साडेचार, बेताचा. दारातून कुणीतरी हाक मारली, "काका, पार्सल!" मी मान वळवली. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागे पाय. डावा पाय अर्धा कडेवर, अर्धा पट्ट्यावर. पुढे काय झालं ते गणितात सांगितलंच. पण पडण्याने मला फार लागलं नाही. लागलं ते भिंतीने. आपलं यंत्र भिंतीपासून दीड फुटावर ठेवलंय. मी मागे गेलो, भिंतीला अडलो आणि पट्टा खालून फिरतच राहिला, कारण चावी सुरक्षित स्थळी होती. किसणीवर काकडी धरावी तसा माझा गुडघा. मागे मोकळी जागा सोडायची ती ऐसपैस दिसावं म्हणून नव्हे. पडलेला माणूस पट्ट्यावरून सुटायला हवा म्हणून. दोन मीटर सोडा, बाजूंनी अर्धा अर्धा मीटर. पार्सलमध्ये काय होतं? नातवाचा बूट. एकच. दुसरा नंतर आला.

हं, चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे. वडे तयार.' दहा मिनिटांत तीस दिवस. लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

चढण्याआधी डॉक्टर. छातीत दुखणं, चक्कर, रक्तदाब, मधुमेह, गुडघ्याचं ऑपरेशन, यातलं काहीही असेल तर आधी त्यांना विचारा. मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके बघून त्यांची कमाल मर्यादा काढायला '२२० वजा वय' करत बसणाऱ्यांना सांगतो, तो अंदाज ढोबळ आहे, आणि रक्तदाबाची किंवा हृदयाची बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके तितके वाढतच नाहीत, मग तो आकडा तुमच्या कामाचा नाही. त्यापेक्षा बोलून बघा. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढू नये, आणि सोबत काही गोड ठेवावं. साखर कुठली, विचारू नका.

कपडे. पायात बूट, नाडी आत खोचलेली. चप्पल नाही, मोजे घालूनही नाही. ओढणी नाही, पदर नाही, लुंगी नाही. कानातल्या यंत्राची लोंबती तार नाही. फोरमनचा मफलर आठवा.

चढणं. दोन्ही पाय बाजूच्या कडांवर. दांडा धरा. चिमटा सदऱ्याला लावा, सैल बाहीला नको, कमरेपाशी, ओढला तर सदरा येईल पण चिमटा सुटणार नाही असा. मगच पट्टा सुरू, सगळ्यात कमी वेगाने. बहुतेक यंत्रांत तो एकच्या आसपास असतो. आता एका पायाने पट्ट्याला नुसतं घासून बघा, दोन-तीनदा, लहान मूल पाण्यात पाय घालून बघतं तसं. अंदाज आला की चढा. नजर समोर. पायाकडे बघितलंत की तोल जातो. पावलं लहान, पॅनेलच्या जवळ राहा. दांड्यावर रेलू नका, बोटं टेकवा फार तर. रेललात की पाय चालतात आणि वजन हात उचलतात, व्यायाम दांड्याला होतो. पण ज्यांचा तोल मुळात कच्चा आहे त्यांनी धरा, खुशाल धरा, त्यात लाज नाही.

पहिला आठवडा एका वेळेला एकूण दहा मिनिटं. त्यातली सुरुवातीची आणि शेवटची तीन-तीन दोनच्या वेगाने. दुसऱ्या आठवड्यात वेळ वाढवा, वेग नाही. तिसऱ्यातही वेळच. वीस मिनिटं आरामात जमली की चौथ्यात वेग, तोही अर्ध्याने. चढाचं बटण महिनाभर विसरा. पळणं? पळणं हे वेगळं व्याख्यान.

थांबताना झटकन थांबू नका. चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात, एकदम थांबलात की ते पायातच राहतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. वेग उतरवत आणा, पट्टा पूर्ण थांबू द्या, मग उतरा आणि मिनिटभर दांडा धरून उभे राहा. जमीन सरकल्यासारखी वाटते, ती सरकत नसते. छातीत दडपण, जबडा किंवा हात भरून येणं, थंड घाम, यातलं काहीही झालं तर तिथेच बंद, आणि 'गॅस असेल' म्हणत घरी जायचं नाही.

एकच मिनिट. नातवंडं. पट्टा वरून मागे येतो आणि मागच्या रोलरपाशी खाली वळतो. हात, केस, चेंडू, जे सापडेल ते तिथे ओढलं जातं. २०२१ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला आपल्या महागड्या ट्रेडमिल बाजारातून परत बोलवाव्या लागल्या, मुलं मागून खाली ओढली जात होती म्हणून. एक मूल गेलं त्यात. म्हणून काम झालं की चावी काढायची आणि उंचावर ठेवायची. पोर नुसतं बटण दाबेल, पण चावीशिवाय पट्टा हलणार नाही.

प्लग १६ अँपिअरचा, एक्स्टेन्शन बोर्ड नाही. पट्ट्याखाली सिलिकॉन तेल, यंत्राच्या पुस्तकात सांगितलंय तेव्हा आणि तेवढंच. खोबरेल नाही. कुणी घातलं होतं ते मी सांगणार नाही, पण महिनाभर क्लबहाउसात सोलकढीचा वास होता.

महिन्यातून एकदा दोरीची परीक्षा घ्या. कडांवर उभे राहा, पट्टा सुरू करा, दोरी ओढा. पट्टा थांबला तर ठीक. नाही थांबला तर त्यावर कुणी चढायचं नाही.

दुसरी चिठ्ठी आली, ती वाचत नाही. प्रश्न वडे खाताना विचारा. सेक्रेटरी साहेब, आधी दोन मिनिटं क्लबहाउसात येता? निरगाठ तुमच्याच हातची आहे, आणि मी घरून कात्री आणली आहे.