नाकातल्या फ्लूच्या लसीआधी विचारायचे प्रश्न

मघाशी हॉलच्या दारातच एका आजींनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, जिवंत व्हायरस पोट्ट्याच्या नाकात काहून सोडता जी?" आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाचं उत्तर म्हणून केलं तरी चालेल. नागपुरात मनीषनगरपासून सदरपर्यंतचे जेवढे आईबाबा मला भेटतात त्यांच्या मनात हेच असतं, सुई नको, पोरगं रडतं, पण "जिवंत" हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो.

तर आजी, तो जिवंत आहे, मी लपवणार नाही. पण त्याला थंडीची सवय लावलेली आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात हुनैन मासाब नावाच्या शास्त्रज्ञांनी फ्लूचा व्हायरस कमी कमी तापमानात वाढवत नेला, पार २५ डिग्रीपर्यंत, आणि शेवटी असा व्हायरस हाती आला जो थंडीत छान वाढतो पण अंग तापलं की ढेपाळतो. आपलं नाक आतून साधारण ३३ डिग्री असतं, छाती ३७. म्हणून तो नाकात थोडासा वाढतो, शरीराला शत्रूची ओळख होते, आणि खाली फुप्फुसात त्याचा निभाव लागत नाही. यावरून झालेली फ्लूमिस्ट, म्हणजे नाकात फवारायची लस, अमेरिकेत २००३ मध्ये आली. आपल्या पुण्याच्या सीरमने २०१० मध्ये स्वाइन फ्लूसाठी नेसोव्हॅक काढली, तिचा मूळ व्हायरस रशियातल्या लेनिनग्राडचा, पण तत्त्व तेच. २००९ चा तो काळ, तोंडाला रुमाल बांधून फिरायचो आपण, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल.

आता साइड इफेक्ट. नाक वाहणं, नाक चोंदणं हे सगळ्यात जास्त. घसा खवखवतो, डोकं दुखतं, बारीक ताप येतो, एखादा दिवस पोरगं जेवायला कुरकुर करतं. दोन-तीन दिवसांत जातं. आणि हे पण लक्षात ठेवा की अभ्यासांत ज्या मुलांना लस नसलेला नुसता खोटा फवारा दिला होता त्यातल्याही साधारण निम्म्यांचं नाक वाहिलंच, कारण लहान मुलांचं नाक तसंही वाहतच असतं, सगळं लशीच्या माथी मारता येत नाही.

पण एक गोष्ट खरी काळजीची आहे आणि तिथे मी जरा वेळ थांबणार आहे. छातीतली घरघर. २००७ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ६ ते २३ महिन्यांच्या बाळांमध्ये फवारा घेतल्यावर ४२ दिवसांत घरघर झाली १०० पैकी जवळपास ६ बाळांना, इंजेक्शनवाल्यांत ४ पेक्षा थोड्या कमी. शिवाय एक वर्षाखालच्या बाळांना दवाखान्यात भरती करण्याचं प्रमाणही फवाऱ्यात जास्त दिसलं. म्हणून दोन वर्षांखाली हा फवारा नाहीच, कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. आणि २ ते ४ वर्षांच्या ज्या मुलाला दमा आहे किंवा गेल्या वर्षभरात घरघर झालीये त्याला पण नको, त्याला इंजेक्शन.

हे मी पुस्तकातून शिकलो आणि नंतर एका रात्री नीट शिकलो. तीन वर्षांची मुलगी, ओपीडीत गर्दी, मी विचारलं "दमा आहे का?", आई म्हणाली नाही, आणि ते खोटं नव्हतं. पण मागच्या पावसाळ्यात तिला दोनदा नेब्युलायझरची वाफ लागली होती, ते मी विचारलंच नाही. लशीनंतर तिसऱ्या रात्री फोन आला, मागून श्वासाची शिट्टी मला फोनवरच ऐकू येत होती. वाफ दिली, पहाटेपर्यंत ती सावरली. ते लशीमुळेच झालं की ऋतूमुळे, सांगता येत नाही, पण प्रश्न अर्धवट विचारला ही चूक माझीच. तेव्हापासून मी "दमा" शब्दावर थांबत नाही. विचारतो, "मशीनची वाफ कधी लागली? छातीत मांजर बोलल्यासारखं कधी वाजलं?" तेव्हा आया पटकन सांगतात.

बाकीचे प्रश्न पण असेच. कावासाकी आजारामुळे (यात लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज येते) किंवा हृदयासाठी मूल अ‍ॅस्पिरिन घेत असेल तर नको, रेज सिंड्रोमचा, म्हणजे मेंदू आणि लिव्हर बिघडवणाऱ्या आजाराचा धोका. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना नको, गरोदर बाईला नको. गेल्या दोन दिवसांत ऑसेल्टामिव्हिर ही फ्लूची गोळी घेतली असेल तर ती लशीच्या व्हायरसलाच मारते, मग लस देऊन फायदा काय!

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, नाकातल्या लशीने तोंड वाकडं होतं म्हणे. ते स्वित्झर्लंडमधलं, २०००-०१ च्या सीझनचं, नाकातली लस होती पण जिवंत व्हायरसची नव्हे, त्यात परिणाम वाढवायला ई. कोलाय जंतूचं टॉक्सिन घातलं होतं, आणि चेहऱ्याचा लकवा वाढलेला दिसल्यावर ती मागे घेतली. आपण बोलतोय ती ही नव्हे.

आणि घरात आजोबांची किमो सुरू असली तर नातवाला हा फवारा द्यायचा का? बहुतेक घरांत चालतो. मूल काही दिवस नाकातून व्हायरस सोडतं हे खरंय, पण फिनलंडमध्ये पाळणाघरातल्या जवळपास २०० मुलांवर लक्ष ठेवलं तर लस न घेतलेल्या फक्त एका मुलाकडे तो पोचल्याचं नक्की सापडलं, आणि ते मूल काही गंभीर आजारी पडलं नाही. मात्र कुणाचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट होऊन ते वेगळ्या खोलीत असतील तर मुलाला त्यांच्यापासून सात दिवस लांब ठेवा, नाहीतर सरळ इंजेक्शन घ्या.

हो ताई, शेवटचा प्रश्न ऐकला मी. फवारा दिल्या दिल्या शिंक आली तर परत द्यायचा नाही, पुरेसा गेलेला असतो. पण नाक गच्च बंद असेल तर त्या दिवशी घरी जा, नाक मोकळं झालं की या.